डाव्या कोपरावरचं रफू

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. माझ्यासारख्या माणसाने ती फार आधीच सुरू करायला हवी होती असं मला वाटतं. इतर कोणाला वाटत नाही. नवी वही आणायचा कंटाळा आला म्हणून मापांच्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. पान उलटलं की एका हेडमास्तरांची कंबर लागते.

निमित्त असं की टीव्हीवरची एक वार्ताहर बाई दुकानात आली होती. नऊ वर्षांपूर्वीच्या चष्मेवाल्याच्या खुनाचं प्रकरण त्या लोकांनी पुन्हा उकरून काढलं आहे. वरच्या कोर्टात फेरसुनावणीचा अर्जही गेला आहे म्हणे. ‘‘तुम्ही तर त्या खटल्याचे मुख्य साक्षीदार,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आठवेल तसं लिहून काढा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर अडखळणार नाही.’’ मी कशाला अडखळतोय! पण लिहितो.

चष्म्याच्या दुकानाचा मालक दुकानातच मारला गेला. मागच्या दाराशी रक्ताने भरलेला एक राखाडी कोट सापडला. आदल्या दिवशी तिथला नळ दुरुस्त करून गेलेल्या नळवाल्याकडे तसाच कोट होता, आणि तो काही त्याला दाखवता येईना. ‘‘माझा कोट रफूला दिलाय, अजून शिंप्याकडेच आहे,’’ एवढंच तो घोकत राहिला. शिंपी म्हणजे अस्मादिक. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचा कपडा पडून राहतो असं भर कोर्टात कोणी म्हणावं, आणि मी ऐकून घ्यावं? मी सांगितलं, कोट तो केव्हाच घेऊन गेला. मग सापडलेला कोट माझ्यापुढे ठेवला. डाव्या कोपरावर रफू होतं. मी भिंग मागून घेतलं, वर धरलं आणि म्हणालो, ‘‘हे रफू माझंच. माझं काम मी डोळे मिटून ओळखीन.’’

समोर सात वार्ताहर होते. एकाचं पेन ऐनवेळी बंद पडलं, तो ते झटकत होता. मी तो थांबेपर्यंत थांबलो आणि वाक्य पुन्हा म्हणालो. दुसऱ्या दिवशी मथळा, ‘धाग्याने पकडला खुनी’. खाली माझा फोटो. कोटाचा नव्हता, जागा पुरली नसेल. ते कात्रण चौकटीत घालून दुकानात लावलं आहे.

नळवाल्याला जन्मठेप झाली.

७ मार्च, गुरुवार

सलूनमध्ये गेलो होतो. गावात दोनच पक्ष उरले आहेत, ‘सुटलाच पाहिजे’ आणि ‘सडलाच पाहिजे’. एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून सुटलाच पाहिजे म्हणत होतं आणि न्हावी वस्तरा हातात धरून सडलाच पाहिजे म्हणत होता, म्हणजे त्या माणसाच्या हिमतीची कमाल आहे.

मी शिरलो तशी खुर्ची रिकामी झाली. ‘‘आले, रफूवाले आले!’’ मी मान लववली. शेजारचा इस्त्रीवाला, तो सुटलाच पाहिजे पक्षाचा, म्हणाला, ‘‘मास्तर, एक शंका आहे. चांगलं रफू दिसत नाही म्हणतात. मग तुम्हाला दिसलं कसं?’’

लोक हसले. मी म्हणालो, जाणत्याला दिसतं. घरी येईपर्यंत मला याहून चांगली तीन उत्तरं सुचली.

१२ मार्च, मंगळवार

मुलाखत झाली. माझा ठेवणीतला राखाडी कोट घातला होता. हा कोट म्हणजे माझं नशीब. कोणीतरी रफूला टाकून गेलं, परत आलंच नाही. चिठ्ठीही कुठे गळून पडली. दोन वर्षं वाट पाहून असे बेवारस कपडे आम्ही वाटून टाकतो. हा मात्र माझ्या अंगात असा बसला की मीच ठेवून घेतला. सात वर्षं झाली. शिवणारा कसबी असणार. पुढच्या पल्ल्याच्या टोकाला अस्तराच्या आत त्याने छोटी वजनं घातली आहेत, कोट कसा सरळ पडतो. हे मी वार्ताहर बाईंना हात लावून दाखवलंसुद्धा. त्यांनी वाहवा केली.

मग विचारलं, ‘‘त्या कोटावरच्या रफूचा धागा कोणत्या रंगाचा होता?’’ मी म्हणालो, कोटाच्याच. ‘‘उभा की आडवा?’’ मी म्हणालो, दोन्ही. बाईंनी मान डोलावली आणि पाणी मागितलं.

शेवटी म्हणाल्या, दुकानात कोण काय करतं? मी सांगितलं, गिऱ्हाईक, माप, कापणं आणि बोलणं माझ्याकडे. मागच्या खोलीतलं किरकोळ हिच्याकडे. किरकोळ म्हणजे काय? म्हटलं, काजं, बटणं, हेम, रफू वगैरे. बाईंनी हे लिहून घेतलं. का, ते कळलं नाही.

१७ मार्च, रविवार

कार्यक्रम लागला. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून पाहिला. मी चांगला दिसलो, फक्त कान थोडे मोठे वाटले. ही मटार सोलत होती.

मध्येच त्यांनी कोर्टातल्या कोटाचा फोटो पडदाभर दाखवला. डावं कोपर, त्यावर रफू. हिचा हात थांबला.

‘‘हे माझं नाही,’’ ही म्हणाली.

‘‘अगं, तुला काय कळतंय एवढ्या लांबून?’’

‘‘लांबून दिसतंय ना? म्हणूनच माझं नाही.’’

मी तिला समजावलं की कॅमेरा सगळंच मोठं करतो. ही म्हणाली, ‘‘तुमचे कान मोठे केलेत, ते ठीक आहे. पण हा धागा चकाकतोय. बाहेरचा रेशमी धागा आहे. मी बाहेरचा धागा कधी घेतलाय? कोटाच्या आतल्या शिवणीत राखलेलं कापड असतं, त्यातले धागे ओढून घेते मी. त्याचाच धागा त्याला.’’

‘‘मग नऊ वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘मला तो कोट दाखवला कोणी? पेपरात तुमचं तोंड होतं. तेव्हा मी विचारलं होतं, भोक कसलं होतं? तुम्ही म्हणालात, भोक ते भोक.’’

हे मी म्हणालो असेन. माझ्यासारखंच वाटतं.

तेवढ्यात निवेदक सांगू लागला की नळवाल्याने पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं होतं, नळीतलं तुंबलेलं काढताना त्याच्या डाव्या कोपरावर ॲसिड उडालं आणि कोटाला भोक पडलं. ही उठली. खुर्चीच्या पाठीवर माझा कोट होता, तो उचलला, डावी बाही उलटी केली आणि उजेडाकडे गेली.

‘‘अंगठ्याएवढं भोक होतं,’’ ही म्हणाली. ‘‘कडा पिवळ्या जळलेल्या. कापून काढायला मला अख्खी सकाळ लागली होती. गिऱ्हाईक मला माहीत नसतं हो. पण भोक विसरत नाही मी.’’

मी कोपर पाहिलं. बोट फिरवलं. काही नव्हतं. सात वर्षं मी हा कोट घालतोय, या कोपरावर रफू असतं तर मला दिसलं नसतं? ते मी तिला विजयाने सांगितलं, ‘‘बघ, काही नाहीये.’’ ही मटार आत घेऊन गेली.

मला वाटतं ही थकली आहे. रविवारीही काम करते.

१८ मार्च, सोमवार

रफू केलेले राखाडी कोट जगात ढिगाने असतील. ॲसिडही सगळीकडे मिळतं. हे मी हिला सकाळी, दुपारी आणि चहाच्या वेळी सांगितलं. हिने तिन्ही वेळा ‘‘बरं’’ म्हटलं. या बाईचं ‘बरं’ ऐकण्यापेक्षा सरकारी वकिलाची उलटतपासणी बरी.

२१ मार्च, गुरुवार

नळवाल्याची बहीण दुकानात आली. कार्यक्रमात पाहिली होती म्हणून ओळखली, शाळेत शिकवते. मला वाटलं आता शिव्या खायच्या. मी राखाडी कोट चढवला आणि मापाची पट्टी गळ्यात घालून ताठ उभा राहिलो.

ती शिव्या द्यायला आलीच नव्हती. ‘‘काका, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. फक्त एवढंच, दादाचा कोट कधी हाती लागला, एखाद्या गाठोड्यात, माळ्यावर, तर कळवाल का? त्याची खूण सांगते. दादाचे खिसे नेहमी फाटके. नळाचे वॉशर त्यातून खाली अस्तरात जायचे. आई ओरडायची, कोट आहे की हार्डवेअरचं दुकान.’’

मी म्हणालो, नाही, असा कोट आमच्याकडे नाही. हे वाक्य मी त्याच कोटाच्या खिशात हात घालून म्हणालो.

‘‘मला दादाबद्दल एका दिवसाचाही संशय नाही आला,’’ ती जाताना म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

ती गेल्यावर दार लावलं आणि पल्ल्याच्या टोकाचं अस्तर उसवलं. तीन निघाले. पितळी, मधे भोक, एकाला अजून थोडा पांढरा लेप चिकटलेला. कोट सरळ पडावा म्हणून घातलेली माझी वजनं. टीव्हीवर हात लावून दाखवलेली.

मला रडू आलं. हे लिहायला लाज वाटते, पण रोजनिशी आहे. आधी मला वाटलं त्या माणसासाठी येतंय. मग लक्षात आलं की बरंचसं माझ्याचसाठी येतंय. नऊ वर्षं तो खरं बोलत होता आणि मी त्याचा कोट घालून लग्नकार्याला जात होतो.

२२ मार्च, शुक्रवार

दिवसभरात सुचलेले उपाय असे. कोट जाळावा. जाळला तर धूर इस्त्रीवाल्याला दिसेल. कोट दान करावा. दान घेणारा टीव्ही बघत असेल. कोट बहिणीच्या दाराशी निनावी ठेवून यावा. पण सगळ्या गावाने तो माझ्या अंगावर पाहिला आहे, त्याला निनावी कसं करणार?

संध्याकाळी हिला तीन वॉशर दाखवले. हिने एकेक हातात घेऊन पाहिला. ‘‘उद्या नळवाल्याच्या वकीलबाईंकडे जाऊ,’’ ही म्हणाली.

‘‘माझी अब्रू जाईल गं.’’

‘‘त्याचं काय काय गेलंय ते मोजा आधी.’’

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या आवाजात ही माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

२३ मार्च, शनिवार

नळवाल्याच्या वकीलबाईंनी कोट पिशवीत घालून ठेवून घेतला. वॉशर वेगळ्या पाकिटात. त्या म्हणाल्या, ‘‘आता प्रश्न एकच येणार. तुम्ही तेव्हा ते रफू स्वतःचं म्हणून ओळखलंत. मुळात दुकानात रफू करतं कोण?’’

‘‘आम्ही,’’ मी म्हणालो.

वकीलबाईंनी हिच्याकडे पाहिलं. हिने पिशवीकडे पाहिलं. सुनावणी दहा तारखेला आहे.

३१ मार्च, रविवार

एक तोड काढली आहे. दहा तारखेपर्यंत मी रफू शिकतो. म्हणजे शपथेवर ‘आम्ही’ म्हणता येईल आणि देवाशप्पथ खोटं होणार नाही, थोडं उशिरा खरं होईल इतकंच. ‘तेव्हा नजरचूक झाली’ म्हटलं की नळवाला सुटेल आणि दुकानावरची माझ्या नावाची पाटीही टिकेल. ही म्हणाली, ‘‘शिका.’’

सुई ओवायला वीस मिनिटं लागली. मग दोन तास खाली मान घालून एक भोक विणलं. उठायला गेलो तर कापड बरोबर आलं. मांडीवरच्या पँटला पक्कं विणलं होतं. ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने कात्रीने ते सोडवलं आणि म्हणाली, ‘‘टाके मजबूत आहेत.’’

६ एप्रिल, शनिवार

सातवा नमुना. भोक होतं त्याहून मोठं झालं आहे.

मी तिचे हात बघत बसतो हल्ली. डाव्या हाताचं पहिलं बोट सुयांनी टणक झालंय. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं, आणि मी म्हणे भिंग लावून कामं ओळखतो.

१० एप्रिल, बुधवार

सगळं क्रमाने लिहितो.

कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. सुटलाच पाहिजे एका बाजूला, सडलाच पाहिजे दुसऱ्या बाजूला, लग्नातल्या दोन पक्षांसारखे. नळवाला पिंजऱ्यात होता. मी त्याला ओळखलंच नाही. आमच्या वयाचा दिसतो. तो पन्नाशीचाही नाही.

मी साक्षीला उभा राहिलो आणि पाठ केलेलं म्हणालो. आमच्या दुकानातल्या रफूबाबत तेव्हा नजरचूक झाली. तो कोट आमच्याकडेच राहून गेला होता. सरकारी वकील शांतपणे उठले.

‘‘आमच्या दुकानातलं म्हणजे? दुकान सुई धरतं का?’’

‘‘नाही. म्हणजे आम्ही.’’

‘‘आम्ही म्हणजे तुम्ही. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही डोळे मिटून ओळखत होतात. आता डोळे उघडे ठेवून ओळखत नाही. मधे आरोपीची बहीण दुकानात येऊन गेली, एक कोट अचानक सापडला. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?’’

सडलाच पाहिजे पक्ष खुशीत आला. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला स्पष्ट दिसलं की माझी पाटी आणि तो माणूस, दोन्ही काही वाचत नाहीत. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. ही तिथे पर्स मांडीवर धरून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. तिने माझ्यावर सोडून दिलं होतं.

‘‘तेव्हा,’’ मी म्हणालो. ‘‘मला रफू येत नाही.’’

‘‘काय येत नाही?’’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘‘रफू. कधीच येत नव्हतं. जन्मात एकही केलेलं नाही. गेल्या दहा दिवसांत सात केली, त्यातलं एक पँटला होतं.’’

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी रुमालात तोंड घातलं. सरकारी वकिलांना वाटलं मी नाटक करतोय. त्यांनी सुईदोरा मागवला आणि म्हणाले, करून दाखवा. मग भरल्या कोर्टात मी सुई ओवत उभा राहिलो. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा बोटात गेला. इस्त्रीवाला मोठ्याने मोजत होता, त्याला शिपायाने गप्प केलं. सात नव्हे, या वेळी सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. पिंजऱ्यातला माणूस तेवढा हसत नव्हता.

मग हिला बोलावलं. ही कधी चार माणसांत बोललेली नाही. तिने आधी आमचा कोट सरकारी वकिलांच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘साहेब, रफू कुठे आहे ते दाखवा.’’ त्यांनी शोधलं. भिंग आणलं. न्यायाधीशांनीही शोधलं. कोणालाच सापडेना. तेव्हा तिने आतली शिवण उलटून दाखवली. राखलेल्या कापडातले धागे ओढून घेतलेले, त्याची जाळी झालेली. मग कोर्टातल्या कोटाची तीच शिवण उलटली. एक धागाही हललेला नव्हता.

‘‘हे माझं काम,’’ ती आमच्या कोटावर हात ठेवून म्हणाली. ‘‘ते नाही.’’

तिला इतक्या लोकांसमोर ‘माझं’ म्हणताना ऐकून माझा ऊर भरून आला. आणि मागोमाग, हे तिला म्हणता यावं म्हणून एक माणूस तुरुंगात जावा लागला, हेही मनात आलं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, ‘‘रागावलीस?’’ ही म्हणाली, ‘‘हो.’’ मग बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘सुई ओवताना जीभ बाहेर काढायची नसते.’’

८ मे, बुधवार

निकाल लागला. शिक्षा रद्द. नळवाला सुटला. सलूनमध्ये आता सडलाच पाहिजे पक्षाचं कोणी शिल्लक नाही. सगळे म्हणतात, आम्हाला आधीपासून माहीत होतं. खरा खुनी कोण ते कोर्टालाही ठाऊक नाही, पण सलूनमध्ये चौघांना ठाऊक आहे.

माझ्यावर खोट्या साक्षीची चौकशी लागणार आहे. चौकट मी उतरवली. पाटीवर आता हिचं नाव आहे. तिने ते बारीक अक्षरात लिहून घेतलं.

१४ मे, मंगळवार

तो आला होता.

मी माफीचं भाषण तयार ठेवलं होतं; आरशापुढे दोनदा म्हणूनही पाहिलं होतं, दुसऱ्यांदा गळा छान दाटून आला होता. तो दुकानात आला, आधी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन हिला नमस्कार केला, म्हणाला, ‘‘काकू, तुमच्यामुळे.’’ मग माझ्यासमोर आला. मी भाषण सुरू केलं. त्याने हात वर केला.

‘‘मास्तर, एकच विचारायचंय. तेव्हा कोर्टात तुम्ही तो कोट पाहिलात का?’’

‘‘भिंग लावून,’’ मी म्हणालो.

‘‘भिंग कोटावर होतं. तुम्ही कुठे बघत होतात?’’

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. मला पुष्कळ सांगता आलं असतं. उजेड कमी होता, गर्दी होती, वय झालं.

‘‘वार्ताहरांकडे,’’ मी म्हणालो. ‘‘एकाचं पेन बंद पडलं होतं.’’

त्याने डोळे मिटून घेतले. ‘‘मला पिंजऱ्यातून दिसत होतं. नऊ वर्षं ज्याला त्याला सांगितलं, त्या माणसाने बघितलंच नाही. वकील म्हणायचे, हे सिद्ध कसं करणार?’’ मग म्हणाला, ‘‘तेवढं लिहून द्या. बहिणीला द्यायचंय.’’

‘‘पण तिला तर तुमच्याबद्दल एका दिवसाचाही संशय...’’

‘‘तिसऱ्या वर्षी भेटायला आली होती. जाळीला तोंड लावून हळूच म्हणाली, दादा, मला एकटीला खरं सांग, मी कोणाला नाही सांगणार.’’ त्याने माझ्या वहीकडे बोट दाखवलं. ‘‘तिला वाटतं मी विसरलोय.’’

मी या वहीतलं पान फाडलं. लिहिलं, ‘मी कोट नीट पाहिला नव्हता.’ त्याने वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला. दुसरं पान फाडलं. हाताने पुन्हा ‘नीट’ लिहिलंच. तो रागावला नाही. तोही कागद परत सरकवला. तिसऱ्या पानावर लिहिलं, ‘मी कोट पाहिला नव्हता,’ आणि सही केली. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि खिसा वरून दाबून धरत गेला.